सर्व्हरला पत्ता कोण देतं?

बंगळुरूत रिक्षावाल्याला नुसतं ‘आठवा क्रॉस’ सांगून भागत नाही. आठवा क्रॉस मल्लेश्वरममध्ये आहे, जयनगरमध्येही आहे. वस्तीचं नाव जोडलं की मगच तो आकडा एका गल्लीपाशी जाऊन थांबतो. याच शहरातल्या असंख्य ऑफिसांत १९२.१६८.१.१० हाच पत्ता लावलेली यंत्रं बसली आहेत आणि एकमेकांच्या पायांत येत नाहीत, त्याचं कारणही तेच. असे काही पत्ते कुणीही, कुणालाही न विचारता, आपल्या आवारापुरते वापरावेत, असा नियम १९९६ साली ठरला. ते इंटरनेटवर चालत नाहीत.

आता एखादी ॲडमिन लिनक्स सर्व्हरसमोर बसून हाताने पत्ता देते, तेव्हा नेमकं काय होतं? ती पत्ता लिहिते, त्यापुढे तिरकी रेघ आणि २४, मग नेटवर्क कार्डाचं नाव. एंटर. कार्डाला यातलं काहीही कळत नाही! त्याला ठाऊक असतो तो कारखान्यात मिळालेला स्वतःचा ४८ बिटांचा क्रमांक. नवा पत्ता नोंदला जातो कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मृतीत. यंत्र बंद करून चालू केलं की तो गेला. टिकवायचा तर फाइलीत लिहावा लागतो. उबुंटू सर्व्हरवर हे काम नेटप्लॅन बघतं.

त्या एका ओळीवरून कर्नेल आपणहून आणखी नोंदी करून ठेवतं: हा पत्ता म्हणजे मी, शेवटी २५५ असलेला पत्ता म्हणजे सगळे, आणि पहिले तीन आकडे जुळणारे सगळे माझ्याच केबलवरचे शेजारी. लिनक्सची खोड अशी, की तो पत्ता कार्डाचा न मानता अख्ख्या यंत्राचा मानतो. दोन कार्डं असतील आणि पत्ता एकालाच दिला असेल, तरी दुसऱ्या कार्डाच्या केबलवरून कुणी विचारलं तर बहुधा ‘मीच तो’ असं उत्तर येतं.

शेजारी कोण, हे ठरतं त्या २४ वरून. पत्त्यात ३२ बिट असतात, त्यातले पहिले २४ वस्तीचे. समोरच्याचे पहिले २४ बिट आपल्यासारखेच असले तर तो शेजारी, नाहीतर परका. जगाच्या नकाशातलं यंत्राला एवढंच कळतं.

शेजाऱ्याला शोधायची रीत तर अगदी गावरान आहे. यंत्र केबलवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, १९२.१६८.१.२० कोण? ज्याचा तो पत्ता, तो आपला कार्ड-क्रमांक सांगतो. १९८२ सालची ही पद्धत आजही चालते. उत्तर देणारा खरा की खोटा, हे मूळ नियमात कुणीच तपासत नाही. महागडे स्विच पहारा ठेवतात, ती नंतरची सोय. दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला तर दोघंही ‘मीच’ म्हणतात आणि जोडणी कधी इकडे, कधी तिकडे हेलकावे खाते.

परक्याकडे जाणारं पाकीट गेटवेकडे, म्हणजे वस्तीबाहेर नेणाऱ्या यंत्राकडे, सोपवतात, आणि मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट इथे आहे. आपण गेटवेचा पत्ता टाइप करतो खरा, पण तो पाकिटावर कुठेच लिहिला जात नाही. यंत्र तो वापरतं फक्त गेटवेचा कार्ड-क्रमांक विचारण्यापुरता. पाकिटावर आतला पत्ता दूरच्या मुक्कामाचा आणि बाहेरचा क्रमांक पुढच्या हाताचा. प्रत्येक टप्प्यावर बाहेरचा बदलतो, मुक्काम तसाच राहतो.

खऱ्याखुऱ्या, जगभर चालणाऱ्या पत्त्यांची मिजास वेगळी. १९८६ साली अर्नेट हे शैक्षणिक जाळं सुरू झालं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात होती, तशीच मुंबईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था. १४४.१६ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते अर्नेटच्या नावावर आहेत. आज असा घसघशीत गठ्ठा मागून मिळत नाही. ३२ बिटांत पत्ते मावतात सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-प्रशांत भागाचा मोकळा साठा एप्रिल २०११मध्येच तळाला गेला. त्यातही गंमत अशी, की १२७ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते केवळ स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेत. लिनक्सवर १२७.४५.६.७ला पिंग करून बघा, उत्तर तुमचंच यंत्र देईल. ही उधळपट्टी मला अजून पटलेली नाही.

हाताने पत्ता देण्यातला खरा धोका अंतराचा आहे. तुम्ही पुण्यात, सर्व्हर बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये, आणि ज्या जोडणीवरून बोलताय तिचाच पत्ता तुम्ही बदलताय. एक आकडा चुकला की दार बंद, आणि उघडायला तिकडे माणूस पाठवावा लागतो. यावर नेटप्लॅनमध्ये ‘ट्राय’ नावाची आज्ञा आहे. ती नवी मांडणी लावते आणि १२० सेकंद वाट पाहते. तेवढ्यात तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत आणते. दूरच्या सर्व्हरवर, न विचारता मांडणी लावणाऱ्या ‘अप्लाय’च्या आधी नेहमी ‘ट्राय’ वापरा. आणि नेटप्लॅनच्या फाइलीत टॅब दाबू नका, तिथे फक्त स्पेस चालते.