घोड्याचे पाय – भाग ४ : मागचा पाय लंगडतो तेव्हा

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ढोरं म्हटली की बैल, म्हशी आणि शेळ्या. घोडा इथे आधी भेटतो तो भिंतीवर. वारली लग्नाच्या चौकात पालघट देवीच्या जोडीने घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जिवंत घोडा आशागडच्या रस्त्यावर दिसला तर तो बहुतेक वरातीचा असतो. भाड्याने आणलेला, अंगावर झालर आणि कलाबूत, आणि बँड रंगात आला की मागच्या दोन पायांवर उभा राहणारा. नवरदेवाच्या मित्रांना तेच हवं असतं.

पुढच्या पायांची दुखणी गेल्या आठवड्यात संपवली. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून लंगडणंही पुढेच जास्त. मागचे पाय गाडीच्या इंजिनाचं काम करतात. ढकलणं, उडी, चढ, अचानक थांबणं हे सगळं तिथून होतं. त्यांचं दुखणं ओळखायला मात्र कठीण, आणि गैरसमजही इथेच जास्त.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘कंबर गेली’. घोडा मागे लंगडला की मालक हात ठेवतो तो पुठ्ठ्यावर. एका बाजूचा पुठ्ठा बसलेला दिसतो, मग तिथेच तेल चोळायचं, तिथेच इंजेक्शन टोचायचं, जुन्या वळणाचा माणूस असेल तर तिथेच तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. खरं तर घोड्याचा खुबा जाडजूड स्नायूंच्या आत सुरक्षित असतो आणि क्वचितच बिघडतो. पुठ्ठा बसतो तो पाय नीट टेकला जात नाही म्हणून. स्नायू न वापरला तर आटतो, दुखणं असतं खाली.

खाली म्हणजे कुठे, हे कळायला घोड्याचा मागचा पाय एकदा नीट पाहावा. पायाच्या मध्यावर मागच्या बाजूला टोक काढून वाकलेला जो सांधा आपण गुडघा समजतो तो गुडघा नव्हे, तो घोड्याचा घोटा. त्याचं मागचं टोक म्हणजे टाच. पशुवैद्य याला हॉक म्हणतात. खरा गुडघा वर पोटाशी, कुशीच्या कातडीच्या घडीजवळ असतो आणि त्यावर आपल्यासारखीच वाटी असते. हा स्टायफल. मागच्या पायाची बरीचशी दुखणी खूर, हॉक आणि स्टायफल या तीन ठिकाणी सापडतात.

तपासणीची सुरुवात मात्र नेहमी खुरापासून करावी. कालपर्यंत ठीक असलेला घोडा आज सकाळी पाय टेकायलाच तयार नसेल, तर मनात पहिली शंका खुरातल्या गळूची धरावी. हाड मोडल्यासारखा लंगडणारा घोडा खुरातल्या दोन थेंब पुवाने लंगडत असतो, हे अनुभवाशिवाय पटत नाही. खूर हाताला गरम लागतो, खुराच्या वरच्या सांध्याशी बोटं ठेवली तर नाडी ठोके देताना जाणवते. चिमट्याने तळवा दाबत गेलं की एका ठिकाणी घोडा पाय हिसकावतो. तिथे खुराच्या चाकूने पातळ पातळ काप काढत गेलं की एक काळी रेघ दिसते. तिच्या मागे जायचं. मग करड्या रंगाचं पाणी बाहेर पडतं, त्याला कुजका वास येतो, आणि पुष्कळदा थोड्याच वेळात जनावर पाय टेकून बघू लागतं. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर शेकणं आणि माती जाणार नाही असा पट्टा बांधणं ओघाने आलं. धनुर्वाताची लस विसरू नये, कारण या रोगाला घोड्याइतकं हळवं दुसरं पाळीव जनावर नाही. खिळा घुसलेला दिसला तर मात्र घाईने उपटू नये. तो किती आत आणि कोणत्या दिशेला गेलाय हे डॉक्टरांना आहे त्या जागी दिसलं तर सांध्यापर्यंत इजा झाली का हे ठरवता येतं. पावसाळ्यात चिखलात उभ्या घोड्यांचे खूर तळव्याकडून कुजतात, ते वेगळं. त्याला औषधापेक्षा कोरडी जागा लागते.

खुरात काही नसेल तर पुढचं काम घोडा चालवून बघण्याचं. सरळ, टणक रस्त्यावर लगाम सैल धरून दुडक्या चालीत पळवायचा आणि मागे उभं राहून दोन्ही कुल्ह्यांची हाडं बघायची. दोन्हीकडे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला तर फरक सहज दिसतो. लंगड्या बाजूचा कुल्हा जास्त वरखाली होतो. यात एक फसगत आहे. उजवा मागचा पाय दुखत असेल तर घोडा तो टेकताना मान खाली टाकून भार पुढे ढकलतो. समोरून बघणाऱ्याला वाटतं उजवा पुढचा लंगडतोय! मग चुकीच्या पायाचा नाल काढला जातो. म्हणून घोडा समोरून, मागून आणि बाजूनेही बघावा, आणि डोळ्यांइतकाच कानांचा वापर करावा. दुखरा पाय जमिनीवर हलका पडतो, टापांचा ठेका मोडतो.

डॉक्टर पुढे सांधा मिनिटभर वाकवून धरतात आणि लगेच पळवून बघतात. तेवढ्यानेही न कळलं तर खालून वर एकेक नस बधिर करत जातात. ज्या टप्प्यावर घोडा सरळ चालू लागतो, दुखणं त्याच्या खाली. एक्स-रे, सोनोग्राफी त्यानंतर. हाड मोडल्याची शंका असेल तर नस बधिर करायची नाही, कारण वेदना थांबली की घोडा मोडक्या पायावर पूर्ण वजन टाकतो.

वरातीच्या घोड्याला लागतं ते बहुधा हॉकमध्ये. चार-पाचशे किलोचं धूड पुन्हा पुन्हा दोन पायांवर उभं राहतं, तेही काँक्रीटवर आणि रात्रभर. हॉकच्या तळाचे दोन चपटे सांधे फारसे हलत नाहीत, ते नुसता भार झेलतात. वर्षानुवर्षांच्या भाराने त्यांची कूर्चा झिजते आणि कडेला हाड वाढतं. जुने नालबंद या वाढीला हड्डा म्हणतात. घोडा सकाळी आखडलेला निघतो, चालून गरम झाला की बरा वाटतो, नालाचं टोक घासलेलं दिसतं. हा संधिवात पूर्ण बरा होत नाही, पण आवरता येतो. खूर वेळेवर तासून समतोल नाल, सांध्यात इंजेक्शन, वेदनाशामक आणि माफक नियमित चाल हे त्याचे उपाय. कधी ते चपटे सांधे एकमेकांना जुळून घट्ट होतात आणि घोडा पुन्हा हलक्या कामाला लागतो. दोन पायांवर नाचणं मात्र कायमचं बंद. मालकाला हे ऐकणं जड जातं, कारण सुपारी नाचासाठीच मिळालेली असते.

स्टायफलची गोष्ट आणखी गमतीची. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो कारण गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकवून तो पाय कुलूपबंद करतो. हे कुलूप कधीकधी उघडतच नाही. मग पाय मागे ताठ पसरलेला राहतो आणि घोडा खुराचं टोक फरफटत ओढतो. अशक्त, तरुण, पाय सरळसोट असलेल्या घोड्यांत हे जास्त दिसतं. घोडा दोन पावलं मागे घेतला, किंवा वाटी हाताने ढकलली की पाय सुटतो. शेतकऱ्याला हे ओळखीचं असतं, कारण बैलांत आणि म्हशींत हाच प्रकार होतो आणि पशुवैद्य जागच्या जागी वाटीचा एक बंध कापून काही मिनिटांत ढोर मोकळं करतात. घोड्यात तीच घाई करू नये. बंध कापल्यावर पुढे वाटीच्या हाडाचे तुकडे पडू शकतात. आधी खुराक सुधारावा, रोज चढावर चालवून मांडीचे स्नायू भरावेत. पुष्कळ घोडे तेवढ्यावरच सुधारतात.

दावं किंवा तार पायात अडकून घोड्याने जोरात हिसका दिला तर नडगीच्या पुढचा एक दोरीसारखा स्नायू तुटतो. एरवी गुडघा वाकला की हॉक वाकलाच पाहिजे. तो स्नायू तुटला की पाय मागे सरळ ताणता येतो आणि टाचेवरची शीर सुतळीसारखी ढिली पडते. दिसायला भयंकर, पण तीन-चार महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने अनेकदा बरं होतं.

आता लंगडणं नसून लंगडण्यासारखं दिसणारं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद, वरातीचा घोडा ठाणावर बांधलेला, चण्याचा तोबरा मात्र चालूच. तुळशीचं लग्न लागलं की पहिलीच सुपारी लांबची मिळते. घोडा तासभर चालतो न चालतो तोच घाम फुटतो, मागचे पाय काठीसारखे ताठ होतात, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. इंग्रजांच्या काळात ओढीच्या घोड्यांना रविवारच्या सुट्टीनंतर हे व्हायचं म्हणून याला सोमवारचा आजार म्हणत. यात स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. अशा घोड्याला एक पाऊलही चालवू नये, जिथे उभा आहे तिथेच ठेवावं, पाणी पाजावं आणि शिरेतून सलाईन देणारा डॉक्टर तिथे आणावा. कोरड्या पडलेल्या घोड्याला वेदनाशामक टोचलं तर मूत्रपिंडं आणखी बसतात. टाळायचं असेल तर बसून असलेल्या दिवसांत दाणा निम्म्यावर आणावा आणि लग्नसराईच्या महिनाभर आधीपासून रोज थोडं थोडं चालवावं.

पावसाळ्यात आणि नंतर घोडमाश्या वाढतात तेव्हा तिबरसा हा रोगही ध्यानात ठेवावा. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, मागचा भाग दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. इथे एक पाय दुखत नसतो, दोन्ही पायांतली ताकद गेलेली असते. निदान रक्ताच्या तपासणीवर होतं.

इलाजांत मला सगळ्यात जास्त चीड येते ती ‘आजची वरात काढून द्या’ म्हणून टोचल्या जाणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनची. वेदना हा घोड्याच्या पायाचा एकमेव लगाम आहे. तो काढून घेतला की अर्धवट तुटलेली शीर रात्रीत पूर्ण तुटते. शिवाय ही औषधं वारंवार दिली तर जठरात व्रण होतात. माणसांचं डायक्लोफेनॅक तर अजिबात टोचू नये. त्या औषधाचा अंश असलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये देशात बंदी आली. डागण्याचं म्हणाल तर १९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी डागलेल्या आणि न डागलेल्या शिरा तपासून पाहिल्या. डागण्याने शीर काही लवकर भरत नाही. घोडा बरा होतो तो डागल्यानंतर सक्तीने मिळणाऱ्या विश्रांतीमुळे, आणि विश्रांती डागल्याशिवायही देता येते. राणा प्रतापांच्या चेतक घोड्याचा पाय घायाळ असूनही तो धावला ही कथा सगळ्यांना पाठ असते, तो त्यानंतर मेला हे सांगताना आवाज खाली जातो.

डहाणूकडच्या मालकाने आधी गावचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ वर फोन करावा. फोनवर चार गोष्टी सांगाव्यात : अचानक लंगडला की हळूहळू, पाय टेकतो का, ताप किती (घोड्याचा साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असतो), आणि नाल शेवटचा कधी ठोकला. सहा ते आठ आठवड्यांहून जुना नाल असेल तर तेही कारण असू शकतं. सांध्याचे एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया लागली तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, डहाणूहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिथे नेताना टेम्पोत घोड्याचं तोंड चालकाच्या केबिनकडे करावं. ब्रेक लागला की भार पुढच्या पायांवर जातो आणि दुखरा मागचा पाय वाचतो. पुढचा पाय दुखत असेल तर याच्या उलट, तोंड मागच्या फाळक्याकडे.

(पुढच्या आठवड्यात : नाल आणि नालबंद)