गोंडस प्राण्यांचे मोबाईल खेळ : हा धंदा चालतो कसा?

उमरग्यात आमचे कापडाचे दुकान आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. माल सोलापूरहून येतो आणि गिऱ्हाईक कर्नाटकच्या हद्दीतूनही येते. आयुष्यभर आम्ही मीटर, उधारी आणि लग्नसराई एवढेच पाहिले. मोबाईलवरच्या खेळांचा धंदा हा काही आमचा विषय नव्हे. पण आमचा भाचा संगणकाचे शिक्षण संपवून घरी आला आणि म्हणाला, "मामू, प्राण्यांचा एक छोटा गेम बाजारात आणायचा आहे. दोन लाख लागतील."

ही रक्कम आम्ही लग्नसराईच्या मालासाठी बाजूला काढून ठेवली होती. नाही म्हणावे तर पोराची उमेद मोडते, हो म्हणावे तर हंगाम बुडतो. तेव्हा आधी धंदा समजून घ्यावा, मग उत्तर द्यावे असे आम्ही ठरविले. जे समजले ते व्यापारी बांधवांसमोर ठेवीत आहोत, कारण आज पुष्कळ घरांत असा एक भाचा किंवा मुलगा आहे.

मोफत माल, मग कमाई कुठून?

हे खेळ बहुतेक मोफत असतात. मांजर, ससा, कोंबडी असा एखादा गोंडस प्राणी, एका बोटाने खेळता येईल असा सोपा डाव आणि दोन-चार मिनिटांची करमणूक. कमाईचे मार्ग तीन. पहिला, खेळात दाखविलेल्या जाहिराती. दुसरा, खेळाच्या आत होणारी किरकोळ विक्री, जसे प्राण्याची टोपी किंवा नवा प्राणी. तिसरा, दरमहाची वर्गणी. खेळ फार नावाजला तर चौथा मार्ग उघडतो, तो म्हणजे त्या प्राण्याचे चित्र कपड्यावर आणि खेळण्यांवर छापण्याचा परवाना विकणे.

हा चौथा मार्ग कापडवाल्यांना चांगला ठाऊक आहे. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये 'अँग्री बर्ड्स' हा पक्ष्यांचा खेळ काढला. त्याआधी या कंपनीने पन्नासच्या वर खेळ बनविले होते आणि ती दिवाळखोरीच्या जवळ आली होती. विशेष म्हणजे खेळ नंतर सुचला, रागावलेल्या गोल पक्ष्यांचे चित्र आधी आले. पुढे २०१२ साली कंपनीच्या एकूण उत्पन्नातला ४५ टक्के वाटा कपडे, खेळणी अशा वस्तूंच्या परवान्यांतून आला.

ते पक्षी आमच्या दुकानातही आले होते. मुलांच्या टी-शर्टांचा एक मोठा गठ्ठा आम्ही स्वस्त म्हणून उचलला. छपाई विनापरवाना आहे हे कळायला उशीर झाला. तोवर मुलांची आवड दुसऱ्या चित्राकडे वळली आणि निम्मा माल पडून राहिला. दोन गोष्टी तेव्हाच समजल्या. दुसऱ्याचे चित्र म्हणजे दुसऱ्याचा माल, आणि मुलांची आवड हंगामापेक्षाही लवकर बदलते.

प्राणीच का?

मोठे डोके, मोठे डोळे, गुबगुबीत गाल पाहिले की माणसाला माया वाटते, असे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली मांडले. तान्ह्या बाळाचा चेहरा असाच असतो, म्हणून ही माया. शिवाय प्राण्याला भाषा लागत नाही. मांजर उमरग्यात मांजरच आणि ब्राझीलमध्येही मांजरच. त्यामुळे एकच खेळ दहा देशांत चालतो.

पण ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक असल्याने बाजारात मांजरे आणि पांडे यांची रीघ लागली आहे. भाच्याच्या पहिल्या आराखड्यातही पांडाच होता. आम्ही विचारले, "बेटा, पांडा तू कधी पाहिलास?" तो हसला. आमच्या जिल्ह्याच्या नावाची शेळी देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, पण शेळी उस्मानाबादीच राहिली. काळीभोर, लोंबत्या कानांची. तिचे करडू आठवडी बाजारात पालांवरून उड्या मारते आहे, असा खेळ कुणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. शेळी कोण खेळेल, असे म्हणू नये. स्वीडनच्या एका कंपनीने २०१४ साली 'गोट सिम्युलेटर' नावाचा शेळीचा खेळ काढला आणि तो जगभर गाजला.

खरा खर्च कोणता?

भाच्याच्या हिशेबात खेळ बनवायला पन्नास हजार आणि जाहिरातीला दीड लाख होते. इथेच आम्ही पेन उचलले.

समजा, फेसबुक किंवा गूगलवर जाहिरात देऊन एक माणूस खेळापर्यंत आणायला चार रुपये पडतात. शंभर माणसांचे चारशे झाले. समजा, खेळातली एक जाहिरात एकाने पाहिली की दहा पैसे मिळतात. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी खेळ काढून टाकतात, म्हणून सरासरी एकाने आठच जाहिराती पाहिल्या. शंभर माणसांचे ऐंशी रुपये आले. चारशे गेले, ऐंशी आले, तोटा तीनशे वीस. कापडात विक्री वाढली की दुकानाचे भाडे आणि पगार जास्त मालावर वाटले जातात. इथे जितके गिऱ्हाईक विकत आणाल तितका तोटा वाढतो.

आता तोच खेळ लोकांना आवडला, ते महिनाभर थांबले आणि सरासरी पन्नास जाहिराती पाहिल्या असे धरा. चारशेचे पाचशे झाले. प्राणी तोच, जाहिरातीचा दरही तोच. फरक फक्त गिऱ्हाईक टिकण्याचा. म्हणून आधी पैसा गिऱ्हाईक टिकविण्यावर घालावा, जाहिरातीवर नंतर. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे.

मुंबईचे एक उदाहरण

'किडोपिया' हे लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचे ॲप मुंबईच्या पेपर बोट ॲप्स या कंपनीचे आहे. अनुपम आणि अंशू धानुका या दांपत्याने ते उभे केले. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकेतले पालक आणि कमाई वर्गणीची. मुंबईच्याच नझारा टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१९ मध्ये त्यात सुमारे ५१ टक्के हिस्सा ८३.५ कोटी रुपयांना घेतला.

नवे गिऱ्हाईक आणण्यासाठी या ॲपचा मोठा भर इंटरनेटवरच्या जाहिरातींवर होता. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनचा नियम बदलला. वापरणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या हालचालींचा माग काढणे बंद झाले. लहान मुलांचे पालक नेमके हेरून जाहिरात दाखविणे अवघड झाले आणि एकेक गिऱ्हाईक महाग पडू लागले. ॲप तेच, पण वाढ अडखळली. तरी गाठीशी वर्गणीदार होते म्हणून धंदा तगला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नझाराने उरलेला बहुतेक हिस्सा ३०० कोटींना घेण्याचे जाहीर केले.

ज्याचा सारा माल एकाच अडत्याकडून जातो, त्याचा भाव अडत्याच ठरवितो. फेसबुक, गूगल, ॲपल हे या बाजाराचे अडते आहेत.

बाजारात उतरण्याचा क्रम

एक, पाटी. प्ले स्टोअरवर खेळाचे नाव ३० अक्षरांत आणि थोडक्यात वर्णन ८० अक्षरांत बसवावे लागते. गिऱ्हाईक आधी चौकोनी चित्र पाहते. त्यात प्राण्याचा एकच मोठा चेहरा असावा, गर्दी नको. दोन चित्रे आलटून पालटून दाखवून कोणते जास्त चालते हे तपासण्याची सोय गूगल मोफत देते. वर्णन मराठी, हिंदी, कानडीतही घालता येते.

दोन, खर्च. गूगलकडे खाते उघडण्याचे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. खेळ बनविण्यासाठी गोडो नावाचे साधन फुकट मिळते. त्यामुळे सुरुवातीला मोठे भांडवल लागते ही समजूत खरी नाही.

तीन, छोटा बाजार आधी. नव्या वैयक्तिक खात्याला गूगल सरळ दुकान उघडू देत नाही. किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस खेळ तपासावा लागतो. ही अडचण न मानता फुकटची परीक्षा मानावी. अँग्री बर्ड्सनेही आधी फिनलंडच्या छोट्या बाजारात पहिला क्रमांक मिळविला, मग शेजारचे देश घेतले. फेब्रुवारी २०१० मध्ये ॲपलने ब्रिटनच्या दुकानात तो पहिल्या पानावर मांडला, तेव्हा मोठा बाजार खुला झाला.

चार, फुकटची प्रसिद्धी. करडू पालावरून घसरून भोपळ्यांच्या ढिगात पडते, असा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ लोक आपणहून पुढे पाठवितात. गोंडस प्राण्याचा खरा उपयोग इथे आहे. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीपेक्षा मित्राने पाठविलेल्या गमतीवर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

पाच, जाहिरात गिऱ्हाइकाच्या मर्जीने. ऑस्ट्रेलियातल्या दोन-तीन माणसांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'क्रॉसी रोड' हा रस्ता ओलांडणाऱ्या कोंबडीचा खेळ काढला आणि पहिल्या ९० दिवसांत एक कोटी डॉलर मिळविले. त्यात जाहिरात पाहायची की नाही हे खेळणारा ठरवितो, पाहिली तर नाणी मिळतात. दर मिनिटाला जाहिरात तोंडावर मारली तर गिऱ्हाईक उठून जाते.

मुलांचा मामला

प्राण्यांचे खेळ मुलेच जास्त खेळतात, म्हणून इथे जबाबदारी मोठी. आपल्या देशातील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय न घेण्याची आणि त्यांना हेरून जाहिरात न दाखविण्याची तरतूद आहे. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांसाठी असा कायदा १९९८ पासून आहे. मुलांच्या खेळात गूगलने मान्य केलेल्या जाहिरात कंपन्यांच्याच जाहिराती चालतात. हे नियम न पाळल्यास खेळ दुकानातून काढला जातो आणि सारी मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट जुगाराची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. पण काही गोंडस खेळांतही बंद पेटी विकतात. आत कोणता प्राणी निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारात धरल्या. जी वस्तू विकायची ती गिऱ्हाइकाला दाखवून विकावी, ही आपल्या तिजारतीची रीत आहे. भाच्याला आम्ही ही अट पहिल्याच दिवशी घातली आणि त्याने ती मानली.

आम्ही काय ठरविले?

दोन लाख दिले नाहीत, नाहीही म्हटले नाही. पंचवीस हजार पहिला हप्ता म्हणून दिले. त्यात खात्याची फी, चित्रे काढणाऱ्याची मजुरी आणि तपासणीसाठी एक जुना स्वस्त फोन बसला. स्वस्त फोन मुद्दाम घेतला, कारण आपल्या भागातील गिऱ्हाइकाच्या हातात तोच असतो. दुसरा हप्ता सातव्या दिवशी किती लोक परत येतात ते पाहून. जाहिरातीचा पैसा मात्र एका माणसामागची कमाई त्याला आणण्याच्या खर्चापेक्षा जास्त दिसेल तेव्हाच. बाकी रक्कम ठरल्याप्रमाणे लग्नसराईच्या मालात गेली.

चौदा दिवसांची तपासणी नुकतीच संपली. बाराजणांपैकी सातजणांनी तिसऱ्याच दिवशी खेळ सोडला होता, कारण तिसऱ्या टप्प्यावरची उडी फार अवघड होती. भाचा आधी नाराज झाला, मग म्हणाला, "मामू, दीड लाखाची जाहिरात करून हे कळले असते तर?" आता तो ती उडी सोपी करीत आहे. त्यानंतर नवे बाराजण आणि पुन्हा चौदा दिवस. दुसऱ्या हप्त्याची गोष्ट त्यापुढे.