बिल तयार, पण प्रिंटरचे चिन्ह चालेना

सातपाटी, पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात ज्यांचा धंदा लहान आहे त्यांचे ऑफिस पुष्कळदा घरातच असते. एका खोलीत टेबल, त्यावर संगणक, बाजूला प्रिंटर. दिवसा त्यावर मुले अभ्यास करतात, आणि मगरिबच्या नमाजनंतर त्याच संगणकावर बिले निघतात. टेम्पो दारात उभा, माल भरलेला, बिल पडद्यावर तयार, आणि प्रिंटरचे चिन्ह दोनदा दाबूनही कागद बाहेर येत नाही, असा प्रसंग अशा घरांत अधूनमधून येतोच. मग प्रिंटर बिघडला असे समजून कारागिराला बोलावले जाते. तो पालघरहून किंवा बोईसरहून येणार, त्याचा फेरा द्यावा लागणार, आणि प्रत्यक्षात प्रिंटर पूर्णपणे ठीक असतो. बिघाड चिन्हात असतो.

बिलाचा कागद ही किरकोळ बाब नाही. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने माल पाठवताना बिलाच्या तीन प्रती करायच्या असतात: मूळ प्रत गिऱ्हाइकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी स्वतःची. केवळ सेवा दिली असेल, उदाहरणार्थ फक्त मजुरी घेऊन इंजिनाची दुरुस्ती, तर दोन प्रती पुरतात. तारापूरहून वापीकडे निघालेल्या टेम्पोवाल्याजवळ बिल नसेल तर वाटेत माल अडू शकतो.

याहून जुनी गोष्ट आपल्या घरातच आहे. सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि हातोहात होणारा व्यवहार न लिहिल्यास दोष नाही, ही सवलतही त्याच आयतीत आहे. बंदरावरच्या दुरुस्तीच्या कामात उधारी असतेच. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै अशी पावसाळी मासेमारी बंदी असते. होड्या शाकारलेल्या असतात तेव्हाच इंजिने उघडली जातात, लेथवर शाफ्ट चढतात, आणि पैसे मात्र हंगाम सुरू झाल्यावर येतात. तेव्हा बिलाची प्रत त्या दिवशीच गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली बरी. दोन महिन्यांनंतर कोणते सामान नवे घातले आणि कोणते जुनेच साफ करून बसवले, हे दोघांनाही नीट आठवत नाही.

आता चिन्हाकडे वळू. संगणकाच्या पडद्यावर प्रिंटरचे जे छोटे चित्र दिसते त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असतो. तो बाण सांगतो की हा शॉर्टकट आहे, म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे. घरमालक जागा बदलून गेला तर चिठ्ठीवरचा पत्ता आपोआप बदलत नाही, तसेच इथे होते. म्हणून हे चिन्ह पडद्यावरून काढून टाकले तरी प्रिंटर जात नाही. उलट संगणकाच्या यादीतून प्रिंटर काढला गेला तर चिन्ह जागेवरच राहते आणि दाबल्यावर ‘ही वस्तू हलवली किंवा बदलली गेली आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते.

पुष्कळांचा एक गैरसमज आहे. प्रिंटरचे चिन्ह दोनदा दाबले की बिल छापले जात नाही. त्याने फक्त रांगेची खिडकी उघडते, ज्यात छापायला पाठवलेली कामे ओळीने दिसतात. छापायचे असेल तर बिलाची फाइल उचलून त्या चिन्हावर सोडावी लागते, किंवा बिल उघडून कंट्रोल आणि पी ही बटणे एकदम दाबावी लागतात. टॅलीवर काम करणाऱ्यांनी इथे जपावे. जुन्या टॅलीत छापण्यासाठी ऑल्ट आणि पी दाबण्याची सवय असते. 2020 साली आलेल्या टॅली प्राइममध्ये ऑल्ट-पीने छपाईचा मेन्यू उघडतो आणि समोरचे बिल थेट छापायला कंट्रोल-पी लागते. नवी टॅली बसवल्यावर ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे पाहावे.

बिघाड शोधताना पहिले काम असे की संगणकाला बाजूला ठेवावे. प्रिंटर झेरॉक्स काढणारा असेल तर काचेवर एखादा कागद ठेवून त्याचे कॉपीचे बटण दाबावे. प्रत निघाली तर यंत्र, शाई आणि कागद ठीक आहेत, आणि दोष संगणकात किंवा दोघांमधल्या रस्त्यात आहे. प्रत निघाली नाही तर पुढे वाचण्याची गरज नाही, कारागिरालाच बोलवावे. मिनिटाभराच्या या परीक्षेने कारागिराचा एखादा फेरा वाचतो.

यंत्र ठीक निघाले तर संगणकातील प्रिंटरांची यादी उघडावी. विंडोज 10 मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’ असे दालन आहे. विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत तिथे गेले की सेटिंग्जचे पान उघडते, आणि त्या पानावरून चिन्ह ओढून पडद्यावर आणता येत नाही. त्यासाठी विंडोजचे बटण दाबून ठेवून आर दाबावे. जी छोटी चौकट येईल तिच्यात इंग्रजीत ‘शेल’, मग एकावर एक दोन टिंबे, आणि त्याला जोडून, मधे जागा न सोडता, ‘प्रिंटर्सफोल्डर’ असे लिहून एंटर करावे. जुने दालन समोर येते.

या दालनात एकाच प्रिंटरची दोन चित्रे दिसली, एक फिकट आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘कॉपी 1’, तर दोष सापडला असे समजावे. साफसफाईत कुणीतरी यूएसबीची वायर काढून दुसऱ्या खाचेत लावलेली असते. विंडोज तोच प्रिंटर नवा समजून त्याची दुसरी नोंद करते, पण पडद्यावरची जुनी चिठ्ठी जुन्याच खाचेकडे बोट दाखवत राहते. डॉट मॅट्रिक्सच्या काळात हा घोळ नव्हता. प्रिंटरची रुंद 25 पिनांची वायर संगणकाच्या मागे एकाच जागी बसत असे, दुसरी जागाच नव्हती. (आणि डॉट मॅट्रिक्सला हसू नये. कार्बन लावून तिन्ही प्रती एका फटक्यात तोच काढतो.) उपाय सोपा आहे. वायर जुन्या खाचेत लावून पाहावी, किंवा नव्या चित्रावर उजवे बटण दाबून ‘क्रिएट शॉर्टकट’ करावे आणि पडद्यावरचे जुने चिन्ह काढून टाकावे. कोणत्या खाचेत वायर आहे तिथे रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे घरातल्या सर्वांना कळते. खाडीच्या आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत वायरीच्या टोकांवर गंज धरतो, तेव्हा टोक काढून कोरड्या कापडाने पुसून पुन्हा बसवण्यानेही काम होऊन जाते.

वाय-फायचे प्रिंटर घेणाऱ्यांचा त्रास वेगळा, आणि पावसाळ्यात तो जास्त. घरातील राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. वीज जाऊन परत आली की राउटर नव्याने पत्ते वाटू शकतो, आणि काल ज्या पत्त्यावर प्रिंटर होता तिथे आज भाच्याचा मोबाइल असू शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर बिल पाठवतो आणि रांगेच्या खिडकीत ‘ऑफलाइन’ असा शब्द येतो. वीज आल्यावर सर्व यंत्रे एकदम चालू करू नयेत. आधी राउटर, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर, मग संगणक. एवढ्याने न भागल्यास प्रिंटरच्या स्वतःच्या मेन्यूतून नेटवर्कचा कागद काढावा. त्यावरचा आकडी पत्ता आणि संगणकात प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ या पानावरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही आकडी असून वेगळे असतील तर ‘अ‍ॅड पोर्ट’ने नवा पत्ता घालावा. पण हे दर वादळाला करत बसण्यापेक्षा इंटरनेटची जोडणी देणाऱ्या माणसाला एकदाच सांगावे की राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेव.

याच ‘ऑफलाइन’चे आणखी एक कारण इतके साधे आहे की ते कुणाच्या लक्षात येत नाही. इंटरनेट बंद पडले म्हणून मुलाने संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असतो, आणि प्रिंटर राउटरलाच असतो. दोघे वेगवेगळ्या गल्लीत उभे राहून एकमेकांना हाका मारतात. संगणक पुन्हा राउटरला जोडला की काम होते. कधी रांगेच्या खिडकीतील ‘प्रिंटर’ या मेन्यूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ यापुढे बरोबरची खूण पडलेली असते. ती काढावी.

छापण्याचा हुकूम दिल्यावर कागदाऐवजी फाइलचे नाव विचारणारी चौकट आली तर घाबरू नये. संगणक बिल ‘प्रिंट टू पीडीएफ’ नावाच्या नुसत्या कल्पनेतल्या प्रिंटरकडे पाठवत असतो. विंडोजमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ अशी एक सोय आहे. ती चालू असेल तर शेवटी ज्या प्रिंटरवर काम झाले तोच मुख्य ठरतो. दुपारी मुलीने शाळेचा प्रकल्प पीडीएफ करून पाठवला, की संध्याकाळचे बिलही तिकडेच जाते. ज्या घरात धंदा आणि शाळा एकाच संगणकावर चालतात तिथे ही सोय बंदच ठेवावी, असे आमचे मत आहे. सेटिंग्जमधील प्रिंटरच्या पानावर ती बंद करून आपल्या प्रिंटरला ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ करावे.

सर्व पत्ते बरोबर असूनही बिल रांगेत अडकून राहते, रद्द केले तरी जात नाही, आणि मागची दहा कामे तुंबतात, असेही होते. संगणकात ‘प्रिंट स्पूलर’ नावाचा एक कारकून असतो, तो कामे घेऊन प्रिंटरकडे पोचवतो. एखादे खराब काम आले की तो तिथेच अडून बसतो. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ लिहून ती यादी उघडावी, ‘प्रिंट स्पूलर’वर जाऊन ‘स्टॉप’ करावे. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम32, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधील फाइली काढून टाकाव्यात (फोल्डर काढू नये, फक्त आतल्या फाइली), आणि पुन्हा ‘स्टार्ट’ करावे. रांग मोकळी होते. तुंबलेली बिले पुन्हा पाठवावी लागतात.

दोन भावांची दुकाने एकाच घरात असतील आणि एकाच्या संगणकावरचा प्रिंटर दुसरा वापरत असेल, तर ज्याला वायर जोडलेली आहे तो संगणक चालू असावा लागतो. याच कारकुनातील एक गंभीर फट 2021 च्या उन्हाळ्यात उघड झाली. ती बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या पाठवल्या, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर असे वाटून घेतलेले प्रिंटर जगभर बंद पडले. आजही एक संगणक जुन्या आणि दुसरा नव्या दुरुस्तीचा असेल तर तोच त्रास होतो. दोन्हींवर सर्व दुरुस्त्या बसवाव्यात. विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आहे, हेही हिशेबाचा संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. प्रिंटर चालेना की घाईत मोबाइलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला जातो, आणि तिथे फसवणूक करणाऱ्यांनी पेरलेले क्रमांक असतात. समोरचा गोड बोलतो, पडदा दाखवणारे एखादे अ‍ॅप घ्यायला सांगतो, मग दहा रुपयांचे शुल्क भरायला सांगतो, आणि तेवढ्या वेळात बँकेचे खाते वाचून घेतो. मदत क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा सोबतच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. अनोळखी माणसाला पडद्याचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आणि टेम्पो उभाच असेल तर? बिल पीडीएफ करून जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यावे, तिन्ही प्रती काढून सही करून द्याव्यात. तेही दुकान बंद असेल, तर कायद्याने बिल संगणकाचेच हवे असे म्हटलेले नाही. छापील बिलबुक टेबलाच्या खणात असावे, त्यावर नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आधीच छापून घ्यावा. मात्र त्याचे क्रमांक संगणकाच्या बिलांत मिसळू नयेत. त्याची मालिका वेगळी ठेवावी, जसे क्रमांकाच्या आधी ‘ह’ऐवजी इंग्रजी एच. संपूर्ण क्रमांक 16 अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. जीएसटीआर-1 भरताना ही दुसरी मालिकाही दाखवावी लागते, तेव्हा महिन्याअखेरीस ते बिलबुक हिशेबनिसाकडे पाठवण्यास विसरू नये.