वडिलांच्या आश्रमाचा खर्च कुणी करायचा?

"म्हातारपणी विसरायला होतंच," असं म्हणत आपण दोन-तीन वर्षं काढतो. मग एके दिवशी वडील वसमत रस्त्यावर भलत्याच घराची कडी वाजवताना सापडतात आणि डॉक्टर 'डिमेन्शिया' हा शब्द उच्चारतात. पुढं रात्रीची जागरणं, ओले कपडे, ज्या सुनेनं भरवायचं तिच्यावरच चोरीचा आळ! मैत्रिणींनो, अशा वेळी 'कुठं ठेवता येईल का' असं मनात आलं तर त्याची लाज बाळगू नका. पण लगेच पैशाचा हिशेब मांडायला बसा.

साधे वृद्धाश्रम बहुधा असा रुग्ण घेत नाहीत. त्यांना आपलं आपण करणारी माणसं हवी असतात. घेणाऱ्या संस्था मुख्यतः पुण्या-मुंबईकडे, म्हणजे परभणीहून भेटीला जायचं तर गाडीभाडंही खर्चात धरा. चौकशीला गेलात की नुसता महिन्याचा आकडा विचारून येऊ नका. अनामत किती, त्यातली परत किती, डायपर आणि औषधं वेगळी का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेणार की 'घेऊन जा' म्हणणार, हे सगळं लेखी मागा. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून मिळणारं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. आश्रमाचं बिल त्यातून भागत नाही.

पहिला पैसा वडिलांचाच वापरावा. त्यांची पेन्शन, ठेवी, गावाकडची जमीन असते ती कशासाठी? अडतं ते सहीपाशी. पुष्कळ जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, ज्यानं ते दिलं त्याचं भान गेलं की मुखत्यारपत्रही संपतं. मग जमीन विकायची म्हटली तरी पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाची पायरी, प्रसंगी थेट संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत. म्हणून दुखणं नुकतंच कळलेलं असताना, वडिलांना समजतंय तोवर, बँकेत खातं दोघांच्या नावे करा, ठेवींना वारस लावा, कागद कुठं आहेत ते त्यांनाच विचारून वहीत लिहा. मरणाआधीच वाटणी मागितल्यासारखं वाटतं खरं, पण त्यांना विश्वासात घेऊन केलं तर वाटत नाही.

त्यांचं पुरत नसेल तर मुलांनी द्यायचं. इथं 'मी तर दिल्या घरची' असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही हं! कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1987 सालीच सांगितलं, की कमावती मुलगीही वडिलांच्या पोटगीला बांधील आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा-मुलगी दोघं आहेत. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पोटगीची मर्यादा महिना दहा हजार. 'अपत्यां'च्या व्याख्येत सुनेचं नाव नाही, रात्री उठायला मात्र तीच!

तेव्हा भावंडं बसाल तेव्हा घरी सांभाळणाऱ्या वहिनीचे कष्टही रुपयांत मोजा आणि तिच्या नवऱ्याचा हिस्सा तेवढा कमी धरा. कोण किती देणार, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहा, सह्या करा. भाऊ-बहिणीत कसला कागद, असं कुणी म्हणेल, म्हणू द्या.

आणि एक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही तर पेन्शन अडकते. आता तो चेहरा दाखवून मोबाईलवरही देता येतो. आश्रमात हे कोण करून देईल, तेही दाखल करतानाच विचारून ठेवा.