मुंगीच्या पावलांएवढीं अक्षरें

तेराव्या शतकांत जर्मनींत लिहिलेलें एखादें हिब्रू बायबल उघडलें, कीं प्रथम डोळ्यांत भरतात ते ठळक, चौकोनी अक्षरांचे दोनतीन स्तंभ. मग दृष्टि समासाकडे वळते. तेथें शेपटीला वेढे घातलेला पंखांचा अजगर पसरलेला असतो. कुठें हरिणामागें धांवणारा शिकारी कुत्रा असतो, तर कुठें दोन पक्षी समोरासमोर उभे असतात. चित्र बारीक रेघेनें काढलेलें वाटतें. पान जरा जवळ धरलें म्हणजे मात्र ध्यानांत येतें कीं, रेघ म्हणून तेथें कांहीं नाहींच. अजगराची पाठ, हरिणाचें शिंग, पक्ष्याचें पीस हें सर्व ओळीमागून ओळ लिहिलेल्या अक्षरांचें झालेलें आहे, आणि तें एकेक अक्षर बाजरीच्या दाण्याहूनही लहान आहे.

अशा लेखनाला युरोपांत ‘मायक्रोग्राफी’ म्हणतात. मराठींत सूक्ष्मलेखन म्हणतां येईल. अक्षरांतून चित्र उभें करण्याची हौस आपल्याकडेही अपरिचित नाहीं. ‘राम’ हीं दोन अक्षरें पुनःपुन्हां लिहून साकारलेला मारुति श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. माघाच्या शिशुपालवधांत एकोणिसाव्या सर्गांत चक्रबंध आहे, हें संस्कृत शिकलेल्यांना ठाऊकच असतें. परंतु रामनामाच्या चित्रांत एकच नाम असतें आणि त्याची आवृत्ति हेंच पुण्य. बंधांत तर कवि आकृतीसाठीं मुद्दाम श्लोक रचतो. हिब्रू ग्रंथांतील गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. अजगराच्या अंगांत लिहिलेला मजकूर चित्रासाठीं जन्मलेला नाहीं. त्याला मुळांत एक कडक पहाऱ्याचें काम नेमून दिलेलें होतें.

हिब्रू लिपींत पूर्वीं बहुतेक व्यंजनेंच लिहीत. स्वर परंपरेनें मुखांत राहत. नकलेवरून नक्कल होतांना बायबलाचा पाठ बिघडूं नये, म्हणून सातव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत, विशेषेंकरून गॅलिलीच्या सरोवराकांठच्या तिबेरियस नगरांत, यहुदी पंडितांनीं स्वरांच्या व आघातांच्या खुणा ठरविल्या आणि समासांत टिपा लिहून ठेवण्याची पद्धति पूर्णत्वास नेली. या टिपांचें नांव ‘मसोरा’. अमुक शब्द असा लिहिलेला किती वेळां येतो, अमुक ठिकाणीं एक अक्षर अधिक कां दिसतें, तें चुकून आलेलें नाहीं ना, अशी ती मोजदाद असे. शब्दाशेजारच्या समासांत नुसतें ‘लामेद्’ हें अक्षर काढलें कीं समजावें, हें रूप अन्यत्र कोठेंही नाहीं. नकलकारानें त्याला ‘सुधारूं’ नये. अधिक विस्ताराच्या टिपा पानाच्या माथ्यावर व तळाशीं येत. तोरेच्या पांच पुस्तकांतील अक्षरेंसुद्धां मोजलेलीं आहेत. प्रचलित गणना ३,०४,८०५ अशी आहे. आपल्याकडे वेदाचा पाठ पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पठणाच्या युक्तींनीं राखला आणि अनुक्रमण्यांनीं ऋचांचा हिशेब ठेवला. तेंच काम या पंडितांनीं लेखणीनें केलें. सिनेगॉगांत वाचावयाच्या तोरेच्या गुंडाळीवर स्वरचिन्हही चालत नाहीं, मग टिपा कुठल्या? म्हणून हा सारा प्रपंच पानें शिवून बांधलेल्या ग्रंथांतच आढळतो.

टिपा बारीक लिहिणें भाग होतें, कारण जागा थोडी. आणि बारीक ओळ हातांत आली कीं तिला वळविण्याचा मोह आवरणें कठीण. पूर्वेकडे हा मोह प्रथम भूमितीच्या वाटेनें गेला. कैरो येथें शमुएल बेन याकोब या लेखकानें इ. स. १००८ च्या सुमारास लिहिलेलें संपूर्ण हिब्रू बायबल आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्या शहराच्या जुन्या नांवावरून त्याला लेनिनग्राड हस्तलिखित म्हणतात. त्यांत सोळा पानें गालिचासारखीं नक्षीदार आहेत. वर्तुळें, तारे, कमानी, आणि त्यांच्या कडांनीं धांवणाऱ्या सूक्ष्म ओळी. त्याच मुलखांतील कुराणाच्या प्रतींवरही अशीच नक्षी भरलेली असे. शेजाऱ्याच्या अंगणांतील रांगोळी पाहून आपल्या अंगणांत तशी काढावी, तसाच हा प्रकार.

युरोपांत आल्यावर ताऱ्यांचे अजगर झाले. यहुदी धर्मांत मूर्तीला मनाई, म्हणून त्यांनीं अक्षरांआडून चित्रांची हौस भागविली, असें स्पष्टीकरण नेहमीं दिलें जातें. तें ऐकावयास सोयीचें आहे, पण पुरें पडत नाहीं. सीरियांतील दुरा-युरोपोस येथील सिनेगॉग १९३२ सालीं उत्खननांत सांपडलें. तिसऱ्या शतकांतल्या त्याच्या भिंती माणसांच्या रंगीत चित्रांनीं भरलेल्या आहेत. आणि मध्ययुगीन हिब्रू ग्रंथांतही रंगवलेले प्राणी व माणसें मुबलक आहेत. खरें कारण बहुधा अधिक साधें असावें. मूळ पाठ एक लेखक लिही, स्वरचिन्हें व टिपा पुष्कळदां दुसराच भरी. या दुसऱ्याच्या वाट्याला कुंचला नव्हता, सोनें नव्हतें. होती ती लेखणी, रुंद मोकळा समास, आणि वाचक क्वचितच उघडून पाहतील असा मजकूर.

याच ठिकाणीं तंटा सुरू होतो. रेगेन्सबुर्गचे धर्मनिष्ठ आचार्य यहूदा हे १२१७ सालीं वारले. त्यांच्या परंपरेंतील ‘सेफर हसिदीम’ या आचारग्रंथांत एक स्पष्ट सूचना आहे. मसोरा लिहिण्यासाठीं जो कोणी लेखक ठेवील, त्यानें आधींच अट घालावी कीं, टिपांचे पक्षी, पशु किंवा वृक्ष करूं नयेत. तसें केल्यावर वाचणारा त्या वाचणार कशा? आक्षेप मूर्तीचा नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आक्षेप वाचनाचा आहे. पाठाचा पहारा करावयास ठेवलेला शिपाई सोंग घेऊन नाचूं लागला, तर घर राखावें कोणी?

आणि तक्रार पोकळ नव्हती. शेपटीचा वेढा पुरा झाला पण टीप उरली, तर ती मध्येंच तुटे. टीप संपली आणि पंजा उरला, तर शब्द ताणावे लागत, नाहींतर दुसऱ्याच ठिकाणची टीप किंवा बायबलांतील एखादें वचन आणून भर घालावी लागे. ग्रंथाचें एक अक्षर ढळूं नये म्हणून निर्माण झालेल्या मजकुराची अशी कापाकापी व्हावी, यांतील विसंगति त्या लेखकांना दिसलीच नसेल असें मानवत नाहीं. तरीही त्यांनीं ती केली, आणि ती पाहून आजही मन हरखतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बार्सिलोनांत चौदाव्या शतकांत तयार झालेल्या व आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत असलेल्या एका प्रार्थनाग्रंथांत या अडचणींतून चतुर वाट काढलेली दिसते. तेथील चित्रांना टिपांऐवजीं दाविदाचीं स्तोत्रें वापरलीं आहेत. स्तोत्रें बहुतेकांना मुखोद्गत. तीं पानावरून वाचलीं न गेलीं तरी बिघडत नाहीं.

या कलेला हिब्रू लिपीनें फार साहाय्य केलें. तींत मोठीं व लहान असे अक्षरांचे दोन वर्ग नाहींत. एक ‘लामेद्’ मान वर काढतें आणि ‘कोफ्’ व शब्दान्तींचीं चार रूपें पाय खालीं सोडतात, एवढेंच. बाकीचीं अक्षरें बहुतेक सारख्या उंचीचीं, चौकोनी, एकमेकांपासून सुटीं. स्वरचिन्हें गाळलीं कीं ओळ सरळ दोऱ्यासारखी होते आणि दोऱ्यासारखीच वळते. देवनागरींत वेलांटी वर, उकार खालीं, आणि शिरोरेषा तर प्रत्येक वळणावर मोडावयास पाहते. शिवाय लेखकाला मजकूर आणि आकृति या दोहोंचा मेळ आधींच मनांत बसवावा लागे. पिसाचें किंवा बोरूचें टोंक पुनःपुन्हां तासावें लागे. चर्मपत्रावर शाई किंचित् फुटली कीं अक्षराचा ठिपका होई. चूक खरवडून काढतां येई, पण खरवडलेल्या जागीं एवढें बारीक अक्षर पुन्हां उठणें अवघड.

पुढें ही विद्या यहुदी पोथ्यांबाहेरही रमली. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयांत पहिल्या चार्ल्स राजाचें चित्र आहे. त्याचे केस स्तोत्रांच्या ओळींनीं काढलेले आहेत. परंतु या सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे माथियास बुखिंगर. तो १६७४ सालीं जर्मनींत आन्सबाख येथें जन्मला. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. दंडांच्या टोंकांशीं केवळ खुंट होते, आणि त्याची पूर्ण वाढलेली उंची २९ इंच होती. तो वाद्यें वाजवी, हातचलाखीचे खेळ करी, आणि त्या खुंटांमध्यें लेखणी धरून लिही. १७२४ सालीं लंडनमध्यें त्यानें आपलें स्वतःचें चित्र केलें. दरबारी पोशाख, आणि खांद्यावर रुळणारे कृत्रिम केसांचे कुरळे झुपके. भिंगानें पाहिलें तर त्या झुपक्यांत सात स्तोत्रें आणि प्रभूची प्रार्थना पूर्ण लिहिलेली सांपडते. त्याचीं चित्रें २०१६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत प्रदर्शित झालीं, तेव्हां लोक भिंगें घेऊन ओणवे होऊन पाहत. पाहणाऱ्याला आधीं त्याचें शरीर आठवतें आणि मग अक्षर. अक्षराचीच थोरवी आधीं मनांत भरावयास हवी.

एकोणिसाव्या शतकांत शिळाछाप आला आणि सूक्ष्मलेखन स्वस्त झालें. मान्यवरांचे चेहरे त्यांच्याच लेखनांतून किंवा बायबलांतील पुस्तकांतून उभे करून छापूं लागले. त्यांत कसब पुष्कळ, जिवंतपणा बेताचाच. पहाऱ्याचें जुनें काम मात्र अगदीं सुटलेलें नाहीं. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या पांचशें रुपयांच्या नव्या मालिकेंतील नोटेवर ‘भारत’ आणि ‘इंडिया’ अशीं सूक्ष्म अक्षरें छापलेलीं असतात. तीं नकलेला अडविण्यासाठींच आहेत.

यहूदा आचार्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळावयास मात्र आठ शतकें लागलीं. हस्तलिखितांचीं सुस्पष्ट छायाचित्रें निघूं लागल्यावर हायडेलबर्ग येथील विद्वानांनीं हे अजगर आणि पक्षी ओळीनें वाचावयास घेतले. कोठें तोडमोड आढळते, तर कोठें चित्रांतली टीप नेटकी, शास्त्रशुद्ध आणि जागच्या जागीं निघते. म्हणजे तिच्या लेखकाला दोन्ही सांभाळतां आलें होतें. वाचणाऱ्यांची पहिली अडचण मात्र मजकुराची नसते. ओळ कानापासून सुरू होते कीं शेपटीपासून, हें अजगर सांगत नाहीं; पान पडद्यावर फिरवीत, एकेक पंजा, एकेक वळसा तपासून तिचें पहिलें अक्षर शोधावें लागतें.