आयात रेशमाची, झळ कोणाला?

बंगळूरच्या चिकपेटेत रेशमी साड्यांच्या घाऊक पेढ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. केंपेगौडाच्या या जुन्या नगरात, जे पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, कापडाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. येथला भाव ठरताना रामनगरच्या कोषबाजाराइतकेच चीनकडेही पाहावे लागते. येवल्याच्या पैठणीलाही बंगळूरचे रेशीम लागते, हे येथे नोंदवले पाहिजे.

परकीय व्यापाराने रोजगार वाढतो की घटतो, या वादात दोन्ही पक्ष रोजगार ही एकसंध वस्तू मानतात. रेशमात ती तशी नाही. तुती लावणारा शेतकरी, कोषातून धागा काढणारा, त्याला पीळ देणारा आणि शेवटी विणकर अशी ही साखळी असून, एकाचे उत्पादन हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या हिशेबाने 1 किलो कच्च्या रेशमामागे शेतात आणि शेताबाहेर मिळून 11 मनुष्यदिवसांचे काम निर्माण होते. म्हणजे 1 टन धागा बाहेरून आला, तर 11 हजार दिवसांच्या कामावर प्रश्नचिन्ह लागते. परंतु तोच धागा महाग झाला, तर माग थांबतो. आणि माग थांबला की तयार चिनी कापडाला वाट मोकळी होते.

या पेचातून केंद्र सरकार कधी इकडे, कधी तिकडे झुकत आले. 2003 साली चिनी कच्च्या रेशमावर डम्पिंगविरोधी शुल्क लागले. 2011च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी मूळ आयातशुल्क 30 टक्क्यांवरून थेट 5 टक्क्यांवर आणले. विणकर सुखावला, कोषांचे भाव मात्र घसरले आणि कर्नाटकातून निषेधाचे सूर उमटले. 2013 साली चिदंबरम यांनी ते पुन्हा 15 टक्के केले.

यात राजकारण नाही असे कोण म्हणेल? 1994 साली देवेगौडा रामनगरमधूनच निवडून येऊन मुख्यमंत्री झाले होते. कोष उत्पादकाला मतदारसंघ आहे. शहराच्या गल्लीबोळांत विखुरलेल्या विणकराला तो नाही.

तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रियांची गोष्ट निराळी. 2005च्या प्रारंभी वस्त्रोद्योगातील आंतरराष्ट्रीय कोटापद्धती संपली, आणि परदेशी मागणीवर उभ्या राहिलेल्या या उद्योगाने बंगळुरात लाखो हातांना काम दिले. परंतु एप्रिल 2016 मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या बदललेल्या नियमाविरुद्ध याच स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा काम मिळणे आणि कामाला शाश्वती असणे यांतले अंतर दिसून आले. सरकारने तो नियम मागे घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्या निर्णयावर मात्र या स्त्रियांच्या मोर्चाचा काही परिणाम होण्यासारखा नव्हता.

इकडे जालन्यात 2018 साली कोषबाजार सुरू झाला. तोवर मराठवाड्यातील शेतकरी कोषांची पोती घेऊन रामनगर गाठत.