जुनी प्रकाशतंतू यंत्रणा : अजूनही उपयोगी

२०११ साली मंजूर झालेल्या भारतनेट योजनेतून आपल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातही ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू केबल आणली गेली. पण शाळा किंवा अभ्यासिका तेथून दोन-चारशे मीटर दूर असली तर काय? तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच नीट चालते. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली, की त्या तारेतून झटका येऊन यंत्रे जळू शकतात. धातू नसलेल्या काचतंतूच्या केबलमधून फक्त प्रकाश जातो. तारेचा हा धोका टळतो.

यासाठी जुनी साधनेही पुरतात. १९९३ ची पद्धत सेकंदाला १० मेगाबिट व १९९५ ची १०० मेगाबिट माहिती मल्टिमोड तंतूवरून २ किलोमीटरपर्यंत नेते. दोन्ही टोकांना एकाच पद्धतीचे मीडिया कन्व्हर्टर बसवावेत. एकाचे पाठवणारे तोंड दुसऱ्याच्या घेणाऱ्या तोंडाला जोडावे. प्रकाश दिसला नाही तरी तंतूच्या टोकात डोकावू नये.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास एवढा वेग पुरेसा आहे, आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही. म्हणून अशी साधने भंगारात देण्यापूर्वी तपासून पाहावीत व विद्यार्थ्यांनी ही जोडणी स्वतः शिकून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.